चोपण रानातलं हिरवं पाणी : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

ओढ्याकडच्या तुकड्यातलं शेवटचं खोडवं काढून वर्ष झालं. तिथं आता मीठ फुटलंय, रान चोपण झालंय. पहाटे चालत गेलं की पायाखाली पांढरी पापडी कुरकुरते. वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी पाजलं, निचरा नाही, खालचं पाणी वर आलं आणि येताना क्षार घेऊन आलं. कृष्णाकाठी, इकडं आमच्या कागवाड-अथणीत आणि सीमेपलीकडं महाराष्ट्रात शिरोळ-मिरजेत, अशी रानं पायलीला पन्नास आहेत. मामंजी त्या तुकड्याकडं बघतही नाहीत. "मेलं ते रान," एवढंच म्हणतात.

मी त्यातला अर्धा गुंठा मागून घेतला. स्पिरुलिना करायची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र होतं तेव्हा लोणारच्या सरोवराचा पाठ होता. तिथलं पाणी इतकं सोड्याचं की मासा जगत नाही, पण हे शेवाळ तिथं सुखानं राहतं. शास्त्रीय नाव आर्थ्रोस्पायरा. खरं तर हे शेवाळही नव्हे, प्रकाशावर जगणारा जिवाणू आहे, पण सगळे शेवाळच म्हणतात, तर मीही तेच लिहीन. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठच्या कानेम्बू बायका पिढ्यान्‌पिढ्या ते गाळून, वाळवून कालवणात घालतात. त्याला त्या दिहे म्हणतात.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवते, कारण आमच्या बायकांच्या संघातल्या दोघींनी विचारली. रानातला क्षार या पिकाला उपयोगी पडणार नाही. हौद जमिनीच्या वर, कागद अंथरून करायचा आहे. खारट माती फक्त आड येत नाही, एवढाच तिचा फायदा. म्हणून हे रान.

९ जानेवारी

हौद झाला. ६ मीटर लांब, २ मीटर रुंद. विटांची कड, आत शेततळ्याचा जाड कागद, कागदाखाली चाळलेली माती म्हणजे खडा टोचत नाही. ओटा दीड फूट उचलून घेतला. २०१९ च्या पुरात ओढा इथपर्यंत फुगला होता, तेव्हा दीड फुटानंही भागेल असं नाही, पण साध्या पावसाचं वाहतं पाणी तरी आत येणार नाही. पाणी २० सेंटिमीटर धरलं तर २४०० लिटर. यापेक्षा खोल करून उपयोग नाही. पाणी हिरवंगार झालं की ऊन वरच्या चार बोटांतच अडतं, खालचं शेवाळ अंधारात बसतं.

धाकट्या दिरानं समपातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून आणलं. दोन टोकांत बोटभर फरक निघाला. उकरून परत केलं. हे काम मागाहून होत नाही.

१३ जानेवारी

पाणी. इथं चार दिवस गेले आणि जायलाच हवे होते.

बोअरचं पाणी १० लिटरच्या बादलीत घेतलं, त्यात हिशोबाचा सोडा घातला, ढवळलं. डोळ्यांदेखत पाणी दुधाळ झालं. सकाळी तळाला पिठासारखा थर बसलेला. बोटानं चोळला तर खडूसारखा. पाण्यातला चुना सोड्याशी मिळून खाली बसला. हेच हौदात झालं असतं तर शेवाळाबरोबर तो चुनाही कापडावर आला असता. शिवाय फॉस्फरस आणि लोह त्या गाळात अडकून बसतात. खत टाकलेलं असतं आणि पिकाला मिळत नाही.

तोडगा साधा निघाला. दोन प्लास्टिक टाक्यांत बोअरचं पाणी भरायचं, थोडा धुण्याचा सोडा (बिनवासाचा, नुसता सोडा ॲश, कपड्याची पावडर नव्हे) घालून ढवळायचं, दोन रात्री ठेवायचं आणि वरचं नितळ पाणी नळीनं ओढून घ्यायचं. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, बघत होत्या. म्हणाल्या, "आम्ही तुरटी फिरवायचो की पुराच्या पाण्याला, तसंच हे." तसंच. फक्त तिथं गाळ खाली बसायचा, इथं चुना बसतो.

१७ जानेवारी

खताची कृती ठरवली. मूळ कृती झारूक नावाच्या संशोधकाची, १९६६ ची. त्यात लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा आहे. २४०० लिटरला ४० किलो होतो, परवडत नाही. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेनं स्वस्त कृती बसवली, तिच्यात सोडा ४.५ ग्रॅमवर आणला. मी मधली वाट घेतलीय. लिटरमागे:

खायचा सोडा ६ ग्रॅम, सोडा ॲश २ ग्रॅम, साधं मीठ ५ ग्रॅम, १३-००-४५ दोन ग्रॅम, १२-६१-०० एक दशांश ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट दोन दशांश ग्रॅम, आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एक शतांश ग्रॅम, लिंबाच्या पाण्यात विरघळवून.

१३-००-४५ आणि १२-६१-०० ही पाण्यात विरघळणारी खतं आपल्याकडं ठिबकवाल्या प्रत्येकाच्या घरी असतात, द्राक्षाला आणि उसाला सोडतात तीच. पहिल्यात नायट्रेट आणि पोटॅश एका पिशवीत मिळतं. पण पिशवीवर खाण्यायोग्य असं कुठं लिहिलेलं नसतं. म्हणून पहिली सगळी पैदास कोंबड्यांना. माणसांनी खायची झाली तर शुद्ध प्रतीचे क्षार आणायचे आणि शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम यांची तपासणी करून घ्यायची. यात काटकसर नाही.

नुसता खायचा सोडा घातला तर पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.३ च्या आसपास राहतो. त्या सामूला साधं हिरवं शेवाळ, क्लोरेला वगैरे, आधी घर करतं. सोडा ॲशची जोड दिली की सामू साडेनऊच्या आसपास जातो. तिथं बाकीच्यांची गर्दी कमी होते आणि आपलं पीक टिकतं. सामू मोजायचं पेन मिरजेहून आणलंय, सोबत ठरावीक सामूचं पाणी करायच्या ६.८६ आणि ९.१८ च्या पुड्या. दर सोमवारी पेन त्या पाण्यात बुडवून ताळा बघायचा.

२० जानेवारी

बी आलं, म्हणजे जिवंत शेवाळाचं पाणी. २० लिटरचा कॅन, एका उत्पादकाकडून, ओल्या पोत्यात गुंडाळून, झाकण सैल ठेवून. रंग गर्द, दाट पालकाच्या पाण्यासारखा. वास स्वच्छ, पावसाळ्यातल्या ओल्या दगडासारखा.

एक थेंब फोल्डस्कोपखाली ठेवला. कागदाचा सूक्ष्मदर्शक, मनू प्रकाश यांच्या गटानं स्टॅनफर्डमध्ये केलेला, कॉलेजात असताना मिळाला होता. १४० पट मोठं दिसतं. उजेडाकडं धरला आणि दिसल्या त्या स्प्रिंगा. बॉलपेनातली स्प्रिंग असते ना, तशाच, हिरव्या, सावकाश स्वतःभोवती फिरणाऱ्या. आत्तींनी बघितलं, मग मामंजींनीही बघितलं. काही बोलले नाहीत, पण बराच वेळ बघत होते.

संघातल्या कन्नड बोलणाऱ्या अक्का शेवाळाला पाची म्हणतात. पिकाचं नाव संघात तेच पडलं. मराठी बायकाही आता "पाचीला ढवळलं का" असंच विचारतात.

२८ जानेवारी

१५ लिटर बी मेलं.

सविस्तर लिहिते, कारण ही चूक माझी आहे आणि दुसरीला होऊ नये. कॅनमधलं बी वाढवायला मोठं भांडं हवं होतं. शेजारच्या द्राक्षबागेतला रिकामा २०० लिटरचा पिंप मागून आणला, दोनदा धुतला, ५० लिटर तयार पाणी भरलं आणि १५ लिटर बी ओतलं. ५ लिटर कॅनमध्ये मागं राहिलं, तेही केवळ पिंप जड होईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर गोळे तरंगत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी निळं. मला वाटलं पिंपाचा रंग सुटला. ओंजळीत घेतलं तर निळंशार, आणि वास सडक्या भाजीचा. मग पिंप उलटा करून उन्हात बघितला. तोंडाच्या आतल्या कडेला, जिथं हात पोचत नाही, तिथं निळसर खरपुडी होती. त्या पिंपात द्राक्षावर फवारायचं बोर्डोचं मिश्रण कालवत होते. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. तांबं हे शेवाळाचं विषच आहे, तळ्यातलं शेवाळ मारायला लोक मोरचूदच टाकतात. इतकं माहीत असून मी पिंपाला विचारलं नाही तू कशाचा म्हणून.

पाण्याचा निळा रंग मात्र मोरचुदाचा नव्हता. तो शेवाळाचाच. पेशी फुटल्या की आतलं फायकोसायनिन बाहेर येतं, तेच जे खाण्याच्या निळ्या रंगासाठी काढतात. पुढं कधी पाणी निळं दिसलं तर समजायचं, पीक फुटतंय.

आजपासून नियम: फवारणीचं एकही भांडं, नळी, गाळणी हौदाजवळ यायची नाही. पितळेची तोटीसुद्धा नाही.

२ फेब्रुवारी

उरलेल्या ५ लिटरवर सगळं. पांढऱ्या नव्या टबात, अंगणात, सावलीला. दररोज तयार पाणी थोडंच घालते, टब हिरवा दिसत राहील इतकंच. दिवसातून चार वेळा लाकडी पळीनं ढवळते.

आत्तींना विरजणाचं सांगितलं तेव्हा त्यांना पटलं. पाव चमचा दह्यात घागरभर दूध ओतलं तर दही लागत नाही, दूध नासतं. तसंच हे. बी दाट आणि पाणी थोडं, मग त्याहून थोडं जास्त.

११ फेब्रुवारी

३० लिटर. पाण्याचं तापमान सकाळी ७ ला १५, दुपारी ३ ला २७. वाढ मंद आहे. या पिकाला ३५ च्या आसपास आवडतं, २० च्या खाली ते नुसतं तगून राहतं.

मामंजी आज स्वतःहून टबापाशी आले. "मूठभर युरिया टाक की. ऊस बघ कसा उठतोय त्यानं."

मी सांगितलं की इतक्या सोड्याच्या पाण्यात युरियातून अमोनिया सुटतो आणि तो शेवाळाला जाळतो. चिमटीनं, मोजून देणारे देतात, मूठ कधीच नाही. ते म्हणाले, "म्हणजे आमचीच चूक. जास्त झालं की जळतं." आणि ओढ्याकडच्या रानाकडं बघत उभे राहिले. मला काय बोलावं सुचलं नाही.

२५ फेब्रुवारी

१०० लिटर झालं. हौदाचा एक तृतीयांश भाग विटा लावून, कागद वर उचलून वेगळा केला: २ बाय २ मीटर, पाणी १० सेंटिमीटर, म्हणजे ४०० लिटर धरायचा. सकाळी ८ ला १०० लिटर बी त्यात ओतलं. आकाश निरभ्र, ऊन लख्ख. तळाचा कागद स्वच्छ दिसत होता. मला आनंद झाला होता की एवढं ऊन मिळतंय.

२६ फेब्रुवारी

पाणी पिवळट. कडेला फेस, त्यात पांढुरके पुंजके. सामू ९.६, बरोबर. खत बरोबर. भांडं नवं. रात्री झोप लागली नाही.

२९ फेब्रुवारी

तीन दिवसांच्या तापमानाच्या नोंदी समोर घेऊन बसले. कारण तिथंच होतं.

सकाळी ८ ला पाणी १६ अंश आणि डोक्यावर पूर्ण ऊन. थंड पाण्यात शेवाळाचं शरीर काम करत नसतं, ऊन मात्र पूर्ण येत असतं. आलेला उजेड पचत नाही आणि आतलं हिरवं जळून जातं. नुसत्या थंडीनं ते मेलं नसतं. नुसत्या उन्हानंही नाही. थंडी आणि ऊन एकाच वेळी आले, आणि वर पाणी इतकं पातळ की एकाची दुसऱ्यावर सावली पडत नव्हती. दाट हौदात प्रत्येक धागा क्षणभर उन्हात, बराच वेळ सावलीत असतो. पातळ हौदात सुटकाच नाही.

मी आतापर्यंत बियावर, पाण्यावर, खतावर संशय घेत होते. शिकलेलं डोक्यात असून माझी घाई पुढं धावत होती.

काय केलं: शेवाळ वर तरंगू दिलं आणि खालचं अर्धं पाणी टाकीत काढून घेतलं, म्हणजे उरलेलं थोडं दाट झालं. वर ५० टक्क्यांची शेडनेट. सकाळी पाणी २२ च्या वर जाईपर्यंत नेटवर पोतीही पांघरायची. रात्री प्लास्टिक, ऊब राहायला.

४ मार्च

रंग परत येतोय. पिवळ्यातून पोपटी. फोल्डस्कोपखाली बऱ्याच स्प्रिंगा तुटलेल्या, पण ज्या आहेत त्या फिरताहेत. पोती रोज सकाळी काढायचं काम आत्तींनी आपणहून घेतलं. त्या हात बुडवून सांगतात, "अजून गार हाय." मी तापमापी लावते. एका अंशाचा फरक पडत नाही.

१३ मार्च

४०० लिटर पूर्ण, पोपटी गेला, गर्द हिरवा. थाळीचं माप आजपासून सुरू. पांढऱ्या प्लास्टिकचं बशीएवढं झाकण काठीच्या टोकाला बसवलंय, काठीवर सेंटिमीटरच्या खुणा. उभी बुडवायची, झाकण दिसेनासं झालं की आकडा वाचायचा. आज ५ सेंटिमीटर. आकडा जितका कमी तितकं पीक दाट. वाचायची वेळ रोज एकच आणि वाचणारे डोळे एकाच माणसाचे, नाहीतर आकड्यांचा मेळ बसत नाही.

२२ मार्च

रात्री कुणीतरी पाचट पेटवलं. सकाळी हौदावर काळ्या राखेचा थर, केसांसारखी लांब काजळी. आमच्या भागात या दिवसांत हे चालायचंच, पण पीक अन्नाचं म्हटल्यावर चालवून घेता येत नाही. पोह्याच्या चाळणीनं अलगद वेचून काढली, दोन तास गेले. आता रात्री प्लास्टिक कडेपर्यंत ओढून बांधायचं. सगळ्या बाजूंनी मच्छरदाणीची जाळीही लावली. माश्या कडेच्या फेसात अंडी घालतात.

४ एप्रिल

विटांची आडभिंत काढली. टप्प्याटप्प्यानं वाढवत आता पूर्ण हौद, २४०० लिटर. थाळी ४. सामू १०.१.

सामू का चढतो ते संघात सांगितलं. शेवाळ सोड्यातला कर्ब खातं, मागं राहतो तो तीव्र सोडा. सामू १०.५ च्या वर जायला लागला की त्याचा अर्थ, पिकाला भूक आहे, खायचा सोडा द्या. तो मुद्दाम खाली आणायला आम्ल ओतायचं नसतं.

९ एप्रिल

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड. थाळी ३. ढवळणं चुकलं नाही, संघातल्या अक्का उगादीचं बेवु-बेल्ला, म्हणजे कडुनिंब-गूळ, घेऊन आल्या आणि खराटा हातात घेऊनच बोलत बसल्या. खराटा नवा, या हौदापुरताच. पंपानं ढवळायचा विचार सोडून दिलाय. एक तर तीन फेज वीज कधी येईल ते सांगता येत नाही, दुसरं म्हणजे साध्या पंपाच्या पात्यांनी स्प्रिंगा तुटतात.

१२ एप्रिल

पहिली काढणी.

पहाटे साडेपाचला सुरुवात. सकाळी प्रथिनं जास्त असतात. रात्रभरात शेवाळ आपल्यातली पिठूळ साखर वापरून टाकतं. शिवाय गारव्यात माल बिघडत नाही. थाळी २.५. सगळ्यांनी डोक्याला फडकं, हात कोपरापर्यंत धुतलेले.

मलमलचं कापड आधी करून बघितलं होतं, निम्मं शेवाळ आरपार गेलं. स्क्रीन प्रिंटिंगला वापरतात ते बारीक जाळीचं पॉलिस्टर कापड आणलं, ते चौकटीवर ताणलं, वर मोठी जाळी कचऱ्यासाठी. बादलीनं हळूहळू ओतायचं. खाली पाणी जवळजवळ नितळ पडतं, ते परत हौदात. त्यात सोडा असतो, ते टाकायचं नाही. कापडावर साय धरते. खरोखर साय, दाट, चकाकणारी, चौकट हलवली की एका बाजूला सरकत जाणारी. ५०० लिटर गाळायला दीड तास लागला. मग थोड्या साध्या पाण्यानं धुऊन घेतलं, सोड्याची चव जाईपर्यंत. जास्त वेळ धुतलं तर पेशी फुटतात, पाण्याला निळी झाक येते. ती दिसली की थांबायचं. जानेवारीत पिंपातलं निळं पाणी बघितलेलं असल्यामुळं मी लगेच थांबले.

सुती कापडात बांधून वर पाटा ठेवला. वीस मिनिटांनी उघडलं तर मळलेल्या कणकेसारखा गोळा, बोट लावलं की ठसा राहतो आणि बोट कोरडं निघतं. वजन १ किलो १८० ग्रॅम.

आणि मग जे झालं त्यासाठी मी तीन महिने थांबले होते असं वाटलं. आत्तींनी शेवेचा सोऱ्या आणला, स्वच्छ उकळून घेतलेला, आणि वाळवणाच्या जाळीवर शेव पाडायला बसल्या. कुरड्या घालताना बसतात तशाच, एक गुडघा उभा करून. हिरव्यागार शेवेच्या ओळी, एकीला दुसरी चिकटली नाही. "पातळ झालं असतं तर पसरलं असतं," म्हणाल्या, "पाणी नीट निघालंय." या घरात वाळवणातलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. मला पुस्तकातून जे कळलं नसतं ते त्यांनी बोटांनी ओळखलं.

वाळवण थेट उन्हात नाही, रंग उडतो. काळ्या पत्र्याच्या पेटीत, खालून गरम हवा, आतली उष्णता ६० च्या वर जाऊ द्यायची नाही. पाच तासांनी शेव कट् करून मोडली. वाकली तर ओली समजायची. कोरडा माल २४६ ग्रॅम. म्हणजे लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम.

१३ एप्रिल

काढलं तेवढं परत द्यायचं, याचा हिशोब. मालात साठेक टक्के प्रथिनं, प्रथिनांत १६ टक्के नत्र. म्हणजे २४६ ग्रॅम मालाबरोबर अंदाजे २४ ग्रॅम नत्र गेलं. १३-००-४५ मध्ये १३ टक्के नत्र, तेव्हा ती १८० ग्रॅम घातली, सोबत १२-६१-०० बारा ग्रॅम आणि चिमूटभर मॅग्नेशियम, हिराकस. काढणीनंतर थाळी ३ वर गेली. ५ च्या वर जाईल इतकं एका वेळी कधी काढायचं नाही. फेब्रुवारीतली पातळ पाण्याची शिक्षा पुरे झाली.

मामंजींनी हा हिशोब दोनदा ऐकून घेतला. उसाला असा हिशोब त्यांनी कधी केला नव्हता, असं म्हणाले.

२६ एप्रिल

दुपारी ३ ला पाणी ३९. वाढ थांबली, वर फेस. शेडनेटवर दुसरी पट्टी टाकली, पाणी २४ सेंटिमीटरपर्यंत वाढवलं. ३६ वर आलं. रोज बाष्पीभवनानं बोटभर पाणी उडतं. तेवढं चुना बसवलेलं पाणी संध्याकाळी घालायचं, पातळीच्या खुणेपर्यंत.

७ मे

संघाची बैठक. सहा काढण्या झाल्या. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतो, पिवळ्या बलकाचा रंग गडद झालाय, गिऱ्हाईकं विचारायला लागलीत.

माणसांच्या खाण्याचा विषय निघाला. एकीनं विचारलं, यानं साखर, रक्तदाब, सांधे, सगळं बरं होतं म्हणतात, खरं का? मी म्हणाले, तसं सांगून आपण एक पुडीही विकायची नाही. पाच ग्रॅम खाल्लं तर प्रथिनं तीन ग्रॅम, एका अंड्याच्या निम्मी. बी-१२ आहे म्हणून सांगतात, पण त्यातलं बरंचसं आपल्या शरीराला न लागणारं. लोह आहे, रंगद्रव्यं आहेत, जेवणाला जोड म्हणून चांगलं आहे. औषध नव्हे.

दुसरीनं सुचवलं, गावतळ्यावर एवढी हिरवी साय आलीय, तीच गाळली तर? हे मी जोरानं नाही म्हणाले. तळ्यावर उन्हाळ्यात जी निळसर-हिरवी साय येते तिच्यात मायक्रोसिस्टिस नावाचं दुसरं शेवाळ असू शकतं. त्याचं विष यकृतावर जातं आणि उकळूनही जात नाही. रंग सारखा असतो, म्हणून फसायला होतं. आपल्या पिकाच्या स्प्रिंगा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, म्हणून आपल्याही हौदातला थेंब दर आठवड्याला बघायचा. माणसांसाठी वेगळा छोटा हौद, शुद्ध क्षार, तपासणी आणि अन्न परवाना हे चारही झाल्याशिवाय विक्री नाही, असं ठरलं. कुणी विरोध केला नाही.

२१ मे

थेंबात स्प्रिंगांबरोबर बारीक गोल हिरवे ठिपके. सामू बघितला तर ९.२. पेन चुकलं नाहीय, ताळा घेतला. गेल्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला तेव्हा प्लास्टिक एका कोपऱ्यात फाटलेलं होतं, आणि मी वर खायचा सोडा जरा सढळ हातानं घातला होता. दोन्हींमुळं सामू उतरला. दीड किलो सोडा ॲश दोन दिवसांत विभागून, विरघळवून दिली. गाळताना ठिपके कापडातून खाली जातात, म्हणून या वेळी गाळलेलं पाणी हौदात परत न घेता झाडांपासून दूर खड्ड्यात सोडलं.

२८ मे

सामू ९.९. ठिपके क्वचित एखादा. थाळी २.८.

११ जून

पावसाळा लागला. एका रात्रीत ५० मिलिमीटर पडला तर या हौदावर ६०० लिटर पाणी येतं, २० चे २५ सेंटिमीटर होतात आणि सोडा एक पंचमांशानं पातळ होतो. म्हणून बांबूच्या कमानी आणि उतरतं प्लास्टिक, दोन्ही बाजूंना चर. धाकट्या दिरानं आणि संघातल्या चौघींनी दिवसभर राबून बांधलं. ढगाळ दिवसांत वाढ निम्म्यावर येणार, काढणीही आठवड्यातून एकदाच.

२२ जून

बेंदूर झाला. बैल रंगवून मिरवणूक आली तेव्हा मामंजी लोकांना हौद दाखवत होते. थाळी कशी बुडवायची, आकडा कुठं वाचायचा, सगळं स्वतः सांगत होते. एकानं विचारलं, "हे रान तर मेलेलं की हो?" मामंजी म्हणाले, "रान तसंच हाय. वर पाणी जगतंय."

संध्याकाळी तीन पाच-पाच लिटरचे कॅन भरले. गर्द बी, झाकण सैल. एक आमच्या माजघरात खिडकीपाशी, एक संघातल्या अक्कांकडं, एक ओढ्यापलीकडं उंचावरच्या वस्तीवर, जिथं पूर आला तरी पाणी चढत नाही. आठवड्यातून एकदा ग्लासभर तयार पाणी घालायचं, दिवसातून दोनदा हलवायचं. अक्कांनी कॅन पदराखाली धरून नेला, विरजण नेतात तसा.

आजचं: पाणी २६, सामू १०.०, थाळी ३.२. काढणी नाही.